गट काढायचा असेल तर खोलीची किल्ली कोणाला द्यायची

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, बहुतेक काळ मिरजेत. माझा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना आजारी पडला. स्किझोफ्रेनिया, मनाचा गंभीर आजार. आता तो ३४ वर्षांचा आहे. २०१७ पासून आम्ही दोघं आणि आमच्यासारखी काही घरं, महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत एकमेकांशी बोलायला बसतो. कधी वीस जण, पावसाळ्यात सात-आठ. आसपासच्या गावांहून फोन येतात, "आम्हालाही असा गट काढायचाय, काय काय लागतं?" फोनवर तास जातो आणि निम्मं सांगायचं राहतं. म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

मी डॉक्टर नाही. गोळ्यांबद्दल इथं काही मिळणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. ज्या चुका आम्ही करून बसलो त्या तुम्ही करू नयेत, एवढाच हेतू.

जागा

दवाखान्यात बसू नका. डॉक्टर जागा देतील, मनापासून देतील. पण तिथं पाऊल टाकलं की मुलगा पेशंट होतो आणि बाप नातेवाईक. देवळाचा मंडप फुकट मिळतो, तोही नको. आमच्यातल्या निम्म्या घरांनी पहिल्या वर्षात उतारे, अंगारे, देवऋषी सगळं केलेलं असतं आणि काहींनी तिथं मार खाल्लेला असतो. शाळेचा वर्ग, महिला मंडळाची खोली, तालमीचा हॉल, काहीही चालेल. स्टँडवरून चालत पोचता यावं एवढं बघा. रिक्षाला पैसे मोजावे लागले की तिसऱ्या खेपेला माणूस गळतो.

खुर्च्या गोल मांडा आणि दारासमोरचा भाग मोकळा सोडा. काही गोळ्यांनी पायांत अशी तगमग होते की दहा मिनिटं एका जागी बसवत नाही. उठावं, व्हरांड्यात चार फेऱ्या माराव्यात, परत यावं. कोणाला विचारायची गरज पडू नये. आमच्याकडे एक जण उठला की त्याची आई दबक्या आवाजात "बस की रे, सगळे बघतायत" म्हणायची. आता तीच त्याच्याबरोबर फेऱ्या मारते. गुडघे मोकळे होतात म्हणते.

टेबल ठेवू नका. टेबल आलं की त्यामागं कोणीतरी बसणारच. डॉक्टर वर्षातून दोनदा येतात, ते गोलातच बसतात. पहिल्या वर्षी मी हौसेनं शाल-श्रीफळ ठेवलं होतं. चाळीस मिनिटं त्यात गेली आणि ज्यांना बोलायचं होतं ती माणसं टाळ्या वाजवत बसली.

हाक कशी मारायची

पुण्या-मुंबईकडच्या गटांत आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पेशंट या शब्दापेक्षा कितीतरी बरं. सुरुवातीला आम्हीही तेच शब्द घेतले. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनबद्दल मी तेव्हा बरंच वाचलं होतं. कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून ती १९९७ साली सुरू केली. आमच्याआधी वीस वर्षं कोणीतरी ही वाट चालून गेलंय, याचाच मोठा आधार वाटला होता.

पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गटातली तीन घरं पाण्यात होती. माणसं मिरजेला आली, गोळ्यांची पाकिटं घरातच राहिली. एका आईला गोळीचं नाव सांगता येईना. "पिवळी, बारकी, रात्रीची," एवढंच. आमच्यात एक मुलगा आहे, त्याला सगळं मुंगीएवढ्या अक्षरात लिहून ठेवायची सवय. घरचे त्या सवयीला कंटाळलेले. त्यानं त्याआधी वर्षभर प्रत्येकाला विचारून गोळीचं नाव, मिलिग्रॅम, वेळ वहीत उतरवलं होतं. ती वही घेऊन तो माझ्याबरोबर औषधाच्या दुकानात उभा राहिला, आणि दुकानदारानं डॉक्टरांना फोन लावून एकेकाची औषधं काढून दिली. त्या आठवड्यात शुभंकर कोण होता?

तेव्हापासून आम्ही दोन्ही शब्द सोडले. एकानं शुभ करायचं आणि दुसऱ्यानं ते मागायचं, असा त्या शब्दांचा अर्थ निघतो आणि तो आम्हाला अडचणीचा झाला. आता सगळे सभासद. कागदावर फरक करावाच लागला तर "आजार असलेले" आणि "घरचे" एवढंच लिहितो.

त्याहून मोठी गोष्ट अहो-जाहोची. बँकेत नोकरी केलेले ४६ वर्षांचे एक गृहस्थ आमच्याकडे येतात. आजारी पडल्यापासून शेजारपाजारचे, भाचे, अगदी दूधवालासुद्धा त्यांना अरे-तुरे करू लागला होता. पहिल्या रविवारी मी म्हटलं, "तुम्ही साखर किती घेता?" त्यांनी मान वळवून मागं पाहिलं, मागं कोण बसलंय ते बघायला. नियम साधा ठेवा: ज्याला बाहेर त्याच्या वयामुळे अहो म्हटलं असतं, त्याला इथंही अहो म्हणायचं. बापांना हे सगळ्यात जड जातं. मलाही गेलं.

किल्ली, वही, पेटी

गटाच्या तीन वस्तू असतात: खोलीची किल्ली, हजेरीची वही, पैशांची पेटी. तिन्ही घरच्यांकडे असतील तर तो गट घरच्यांचा. बाकीच्यांना फक्त तिथं आणून बसवलेलं असतं.

न्यूयॉर्कमधल्या फाउंटन हाउसची गोष्ट मला समाजकार्य शिकणाऱ्या एका मुलीनं सांगितली. मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या माणसांच्या एका गटातून १९४८ साली ते घर उभं राहिलं. तिथं येणाऱ्याला सभासद म्हणतात. स्वयंपाक, फोन, हिशेब ही कामं सभासद आणि पगारी माणसं मिळून करतात. त्या धर्तीवर पुढं जगभर जी केंद्रं निघाली, त्यांचा एक दंडक आहे: पगारी माणसं मुद्दाम इतकी कमी ठेवायची, की सभासदांनी हात लावला नाही तर काम अडलंच पाहिजे. मी त्या मुलीला ते दोनदा सांगायला लावलं. आमच्याकडे तर सगळं उलटंच चाललं होतं. "राहू दे, तुला त्रास होईल, मी करतो," हे वाक्य आमच्या खोलीत तासाला दहा वेळा ऐकू यायचं.

मग किल्ली बँकवाल्या साहेबांना दिली. पाच महिने एक रविवार चुकला नाही. मी पोचायच्या आत खोली झाडलेली, पंखा चालू. सहाव्या महिन्यात त्यांची झोप बिघडली आणि ते किल्लीसकट घरातून निघून गेले. आम्ही चौदा जण पायऱ्यांवर बसलो. दोन दिवसांनी ते पंढरपुरात सापडले. किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात होती, हरवू नये म्हणून दोऱ्यानं काजाला बांधलेली.

घरच्यांपैकी काही जण म्हणाले, "तरी सांगत होतो." किल्ली परत माझ्याकडे आली. त्यानंतर दोन महिन्यांतच मी कोल्हापूरला लग्नाला गेलो आणि किल्ली माझ्याच पँटच्या खिशात राहिली. परत सगळे पायऱ्यांवर. या खेपेला मात्र कोणी "तरी सांगत होतो" म्हणालं नाही. माझा मुलगा तेवढा म्हणाला, "आता बाबांचीही किल्ली काढून घ्यायची का?"

तेव्हा दोन किल्ल्या करा. एक आजार असलेल्या सभासदाकडे, एक घरच्यांपैकी कोणाकडे. आणि आजार उलटला म्हणून काम काढून घेतलंत, तर तो माणूस सावरून येईल त्याच रविवारी ते परत द्या. महिना थांबून, "बघू, जमतंय का" म्हणून नव्हे. साहेब उपचार घेऊन आले त्या दिवशी मी किल्ली पुढं केली, तर त्यांनी आधी खिशातून दोरा काढला.

पेटीचं सांगतो, कारण इथं अविश्वास पटकन शिरतो. दहा रुपये, ज्याला जमेल त्यानं. डब्याला फट पाडा, म्हणजे कोणी टाकले आणि कोणी नाही हे दिसत नाही. मोजायला कायम दोघं, मोठ्यानं मोजायचं. आगारात रोजच्या रोज वे-बिलाशी, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाशी, रोकड जुळवून भरताना माझ्यावर कोणी संशय घेतोय असं मला कधी वाटलं नाही, कारण ते सगळ्यांनाच होतं. फक्त आजारी माणसाच्याच मोजणीवर दुसरा माणूस बसवलात, तर त्याला कळतं.

चहा

चहा करायची पाळी लावा आणि पाळीत सगळ्यांची नावं घ्या, बापांचीसुद्धा. आमच्यातल्या दोघा बापांना साठी उलटेपर्यंत आधण किती ठेवायचं ते माहीत नव्हतं. त्यांना शिकवलं ते त्यांच्याच घरातल्या, "हिला काही जमत नाही" अशा मुलींनी.

कप अर्धाच भरायचा. काही गोळ्यांनी हात थरथरतात, भरलेला कप बशीवर खडखडतो, सांडतो, आणि मग माणूस "मला नको चहा" म्हणू लागतो. आम्ही आधी फक्त अशांचे कप अर्धे भरायचो. ट्रे फिरायचा तेव्हा कोणाचा कप कोणता ते लांबून ओळखू यायचं. एका बाईंनी ते हेरलं. त्या स्वतः आजारी. म्हणाल्या, "सगळ्यांचेच अर्धे भरा ना, हवा त्यानं परत घ्यावा." आता डॉक्टरांनाही अर्धाच मिळतो.

बोलायचं कसं

पहिला अर्धा तास दोन खोल्यांत बसा. खोली एकच असेल तर घरच्यांनी व्हरांड्यात. आईला "मला कधीकधी हा नकोसा होतो" असं कुठंतरी म्हणता आलं पाहिजे, आणि ते मुलाच्या तोंडावर नको. मुलांनाही आईबापांबद्दल तसंच बोलायचं असतं, हे आपण विसरतो. नंतरचा तासभर एकत्र.

एकत्र बसल्यावर ज्यानं त्यानं स्वतःचं बोलायचं. मी सहा महिने माझ्या मुलाच्या वतीनं उत्तरं देत होतो. कोणी त्याला "झोप लागते का?" विचारलं की मी, "हो, आता बरी लागते." एका रविवारी तो शांतपणे म्हणाला, "बाबा, मी इथंच बसलोय." तो उत्तर द्यायला वेळ घेतो. कधी अर्धं मिनिट. तेवढं थांबायला शिकणं हे माझ्यासाठी सगळ्यात अवघड काम होतं. गाडीत मी दोन सेकंदांत तिकीट फाडणारा माणूस.

सल्ला द्यायच्या आधी विचारा: "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" बहुतेक जण "नुसतं ऐका" म्हणतात. "मला आज नाही बोलायचं" म्हणायची सगळ्यांना मुभा. इथलं बाहेर न्यायचं नाही. आणि कोणी आवाज ऐकू येतात म्हणालं तर ते खरे की खोटे यावर वाद घालू नका. घरच्यांनी तर तिथं गप्पच बसावं. एकदा एकानं दुसऱ्याला विचारलं, "तुझे आवाज मराठीत बोलतात का?" तो म्हणाला, "माझे हिंदीत शिव्या देतात." पहिला म्हणाला, "माझे शुद्ध मराठीत. बाईंसारखे." दोघं पोट धरून हसले. मग रात्री आवाज वाढले की कोण काय करतं यावर त्यांची वीस मिनिटं चर्चा झाली: एक रेडिओ लावतो, दुसरा मोठ्यानं पाढे म्हणतो. हे कोणताही तज्ज्ञ त्यांना त्या सुरात सांगू शकला नसता.

घरच्यांसाठी एक माहिती. १९७० च्या दशकात लंडनमध्ये झालेल्या अभ्यासांत दिसलं होतं, की ज्या घरात सतत टोचून बोललं जातं किंवा नको तेवढं जपलं जातं, तिथं आजार उलटायचं प्रमाण जास्त, आणि अशा घरात आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर काढणाऱ्यांना धोका आणखी जास्त. दोष कोणाचा हे ठरवायला मी हे सांगत नाही. दोघांनाही एकमेकांपासून थोडी सुट्टी लागते, एवढाच मी त्याचा अर्थ घेतला. मुलगा आता संध्याकाळी एकटा वाचनालयात जातो, आणि मी त्याच्या मागं जात नाही. पहिले दोन आठवडे जात होतो. लपून.

उतरंड

गट सगळ्यांचा म्हटलं तरी आत पायऱ्या असतात. डिप्रेशनवाले स्वतःला स्किझोफ्रेनियावाल्यांच्या वरचे समजतात. "आमचं तसं नाही हो," हे मी किती वेळा ऐकलंय. देणगी देणाऱ्या बापाच्या मुलाला बोलायला जास्त वेळ मिळतो. त्यावर उपाय एकच सापडला: घड्याळ. प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि घड्याळ दर वेळी वेगळ्या माणसाच्या हातात.

बायका कमी येतात, याचं दुखणं आम्हाला अजून आहे. मुलगा आजारी असला तर आई त्याला घेऊन येते. सून आजारी पडली तर तिला माहेरी पोचवतात आणि विषय संपवतात. आम्ही वेळ सकाळी दहाची बदलून दुपारी दोनची केली, म्हणजे स्वयंपाक आणि धुणीभांडी उरकलेली असतात. त्यानं चार जणी वाढल्या. पुरेसं नाही.

काम आणि पैसे

पुनर्वसन म्हटलं की मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या. आम्ही सांगलीकडचे, म्हणून हळद. घाऊक आणायची, १०० ग्रॅमच्या पुड्या करायच्या, दिवाळीआधी विकायच्या. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उतरत नाही, तेव्हा काम अकराच्या आधी सुरू करू नका. आणि मोबदला पुड्यांवर नको, तासांवर द्या. आम्ही पहिल्या वर्षी पुडीमागं पैसे दिले, तर जो वजनकाटा तीनतीनदा बघायचा त्याला सगळ्यात कमी मिळाले, आणि खरं तर त्याच्याच पुड्यांची तक्रार कधी आली नाही. आता आईला, मुलाला, मला, तासाला एकच दर.

वाईट दिवसांची तयारी चांगल्या दिवसांत

बरं वाटत असताना प्रत्येकानं एक कार्ड लिहायचं, स्वतःच्या हातानं. माझा आजार उलटतोय हे कशावरून ओळखावं, कोणाला बोलवावं, काय करू नये. माझ्या मुलाच्या कार्डावर आहे: "झोप चार तासांवर आली की ताईला फोन करा. दार बाहेरून लावू नका. वरच्या मजल्यावरच्या काकांना बोलावू नका." ते काका माझे सख्खे भाऊ. मला वाईट वाटलं, पण कार्ड त्याचं आहे. घरच्यांनीही कार्ड लिहायचं. माझ्यावर आहे: "मी सारखं तेच तेच विचारू लागलो की मला बाहेर पाठवा."

या कार्डाला कायद्याचंही पाठबळ मिळू शकतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ५ नुसार सज्ञान माणसाला आपल्यावर उपचार कसे व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवता येतं. कलम १४ नुसार आपला प्रतिनिधी नेमता येतो, साध्या कागदावर, सहीनं किंवा अंगठ्यानं. तो प्रतिनिधी बापच असला पाहिजे असं नाही. उपचारांबद्दल असं आगाऊ लिहून ठेवण्याला आगाऊ निर्देश म्हणतात; त्याला ठरलेली पद्धत आहे आणि तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन नीट विचारून घ्या. कलम १९ सभासदांना मोठ्यानं वाचून दाखवा: घरच्यांनी नाकारलं किंवा राहायला जागा नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. आणि कलम ९५: साखळीनं बांधणं गुन्हा. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका जागी आग लागली तेव्हा साखळदंडातली माणसं पळू शकली नाहीत, जळून गेली. आमच्यातल्या एका बाईंनी हे ऐकलं आणि आपल्या भावाला गोठ्यात बांधायचे, हे पहिल्यांदा बोलल्या.

अपंगत्वाचा दाखला काढायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार मोडतो आणि बहुतेक योजनांना ४० टक्क्यांची अट असते. माझ्या मुलानं काढला. साहेबांनी नाही काढला.

कोणी मरणाबद्दल बोललं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. त्याला सरळ विचारा, एकटं सोडू नका, डॉक्टरांना कळवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेचा, फोन रात्रंदिवस चालू असतो, तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि द्राक्षबागेवाली घरं असतील तर फवारणीचं औषध घराबाहेर, कुलपात. ती किल्ली मात्र एकाच माणसाकडे.

पहिल्या रविवारी कोणी आलं नाही तरी खोली उघडा. आमच्या पहिल्या रविवारी मी आणि मुलगा दोघंच होतो, दुसऱ्याला आणखी एक मावशी. खर्च म्हणाल तर सहा कप घ्या, पुढं वाढवता येतील. स्टीलचे, कान असलेले. काचेचा फुटला की ज्याच्या हातून फुटतो तो पुढच्या रविवारी येत नाही.